उंबऱ्यावरची हजेरी

सगुणाबाई, लिहायला बसण्याआधीच क्षमा मागते. तुमची आणि हे वाचणाऱ्यांचीही. पाठाची टाचणे, गैरहजेरीचे तक्ते आणि वर्षाकाठी तीन-चार पोस्टकार्डे यांपलीकडे माझी लेखणी कधी गेलेली नाही. शिक्षकांसाठी निघणाऱ्या या मासिकात लिहितात ती माणसे अधिकारी असतात, अभ्यासू असतात. मी चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा खडू हातात धरलेली बाई. संपादकांनी माझ्याकडे तुमच्याविषयी चार शब्द मागितले, ते मी तुमची सहकारी होते म्हणून. परंतु गुणवर्णनाचे ते चार शब्द मी गेल्या आठवड्यात शोकसभेत बोलून चुकले आहे, आणि जे बोलले त्याची लाज वाटते म्हणून हे लिहीत आहे.

तुमचा जन्म कोठला, नोकरी किती वर्षांची, कोणकोणत्या गावांना बदल्या झाल्या, हे सांगणारे दुसरे आहेत. मला सांगायचे आहे ते एका वाक्याविषयी. ते वाक्य माझे आहे, आणि ते तुमच्या नावावर अजून नांदते आहे.

मी आमच्या शाळेत आले तो दिवस तुम्हांला आठवत असेल. मिरजगावाहून दोन कोस बैलगाडीने येऊन मी वेशीजवळच्या त्या दोन खोल्यांपुढे उतरले, तेव्हा माझ्यापाशी मॅट्रिकचे आणि ट्रेनिंगचे अशी दोन प्रशस्तिपत्रे होती आणि आवाज मुळीच नव्हता. वैधव्यानंतरची बारा वर्षे दिराच्या घरात खालमानेने काढलेल्या बाईला तीस-पस्तीस मुलींपुढे मोठ्याने बोलता येत नाही, हे ट्रेनिंग कॉलेजात कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तुमच्या ध्यानात ते माझ्या पहिल्याच तासाला आले. लहान वर्ग नवशिक्याच्या हाती द्यायचे नसतात, असे म्हणून बिगारी, पहिली आणि दुसरी तुम्ही स्वतःकडे ठेवलीत, आणि तिसरी-चौथी मला दिलीत. मी भूगोलाचा पाठ सुरू केला आणि पाहते तो तुम्ही पाटी घेऊन शेवटच्या तरटपट्टीवर मुलींच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या. थोड्या वेळाने तुमचे बोट वर झाले.

“बाई, मला ऐकू आलं नाही.”

मुली फिसकन हसल्या. मी पुन्हा सांगितले. पुन्हा बोट वर. त्या तासात तुम्ही ते वाक्य किती वेळा म्हणालात कोण जाणे, पण शेवटी भीमा नदीचा उगम मी अशा आवाजात सांगितला की बाहेर बाभळीखाली बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर करून पाहिले. तास संपल्यावर तुम्ही पाटी जागेवर ठेवलीत आणि एवढेच म्हणालात की आज तुम्हांला भीमा कळली. दुसरी एखादी मुख्याध्यापिका असती तर तिने मला बाजूला बोलावून आवाजाविषयी सूचना केली असती, आणि तो आवाज आणखी आत गेला असता.

मग शनिवार सुरू झाले. शाळा सुटली की तुम्ही मला त्या आठवड्यातली माझी एक चांगली गोष्ट सांगत असा. एकच, आणि नेमकी. ‘छान शिकवता’ असे तुम्ही कधी म्हणाला नाहीत. “मंगळवारी तुम्ही फळ्याकडे तोंड करून न बोलता, लिहून झाल्यावर वळून बोललात. गुरुवारी चुकलेल्या मुलीकडून उत्तर काढून घेईपर्यंत तुम्ही थांबलात, शेजारणीला विचारलं नाहीत.” मी ती वाक्ये घरी नेऊन रविवारभर पुरवीत असे. इतक्या वयापर्यंत मला कोणी पाहिलेच नव्हते, असे तेव्हा वाटू लागले होते.

आता तुमच्या हजेरीविषयी लिहिले पाहिजे, कारण वाचकांना ती ठाऊक नाही.

तुम्ही हजेरीपटावरून नावे पुकारत नव्हता. घंटा झाली की तुम्ही उंबऱ्याशी उभ्या राहत असा आणि सगळ्या शाळेच्या मुली एका ओळीत तुमच्यापुढून आत जात. प्रत्येकीला तुमचा एकच प्रश्न असे. “आज काय आणलंस गं?” म्हणजे घरून किंवा वाटेवरून काय सांगायला आणलेस. काही तरी सांगितले म्हणजे हजेरी लागली. एकदा चौथीतल्या गंगूने आणलेली बातमी मला अजून शब्दशः आठवते.

“बाई, पहाटं आमची म्हस याली.”

“रेडी का रेडा?”

“रेडा हाय. आजी म्हनती, पदरात धोंडा पडला.”

“मग धोंड्याचं नाव काय ठेवलंत?”

“धोंड्याच की.”

सगळी ओळ हसली. त्या दिवशी दुसरीची गणिते त्या म्हशीच्या दुधाची झाली आणि चौथीचा निबंध धोंड्यावर झाला. कोणाच्या घरी ताप आहे, कोणाचा बाप पलटणीत भरती झाला, कोण न्याहारीवाचून आली आहे, हे सारे तुम्हांला पाढे सुरू होण्याआधी ठाऊक असे. “आज आमच्याकडं पाव्हणं येनार हायेत, मला लुगडं नेसायला लावनार” असे कोणी सांगितले, की तुम्ही त्याच दुपारी तिच्या घरी जाऊन ओट्यावर बसत असा. दोन मुलींची लग्ने तुम्ही अशी चौथी पास होईपर्यंत पुढे ढकलवलीत. दर वेळी लोक ऐकत असे नाही; पण मास्तरीणबाई दारात येऊन बसली, याचा संकोच त्यांना पडत असे.

आणि शेवंता. वस्तीवरच्या धनगराची, तिसरीतली, वर्गात सर्वांत उंच. वयाने अकराची, कारण शाळेत उशिरा घातलेली. चार महिने तिने काही आणले नाही. तुम्ही तिला अडवले नाहीत. “तुझ्याकडं नसंल तर माझ्याकडचं घे,” असे म्हणून रोज आपलीच एखादी फजिती तिला सांगत राहिलात. आज माझी भाकरी करपली. आज मी उलटं लुगडं नेसून निम्म्या वाटेवरून परत गेले. शेवटी एके दिवशी तीच तुमच्यापुढे थांबली.

“तुमी तवा लई तापवता. जाळ कमी करा, मंग करपनार न्हाई.”

तुम्ही गंभीरपणे मान हलवलीत, उद्या करून पाहते म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच एक भाकरी फडक्यात बांधून तिला दाखवायला आणलीत. त्यानंतर शेवंता रोज काही आणू लागली.

हे सारे मी दाराआड उभी राहून पाहत होते, आणि मला ते आवडत होते असे आज लिहिणे सोपे आहे. खरे तर मला अस्वस्थ वाटे. शाळेचे वेळापत्रक मी स्वतः बोरूने, वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर लावले होते. त्यात हजेरीला दहा मिनिटे होती. तुमच्या हजेरीला अर्धा तास लागे. रोज वीस मिनिटे माझ्या अंकगणितातून जात आहेत, असे मी मनात धुमसत असे. तुम्हांला मात्र त्याविषयी अवाक्षरही बोलले नाही. बोलण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, हे एक. आणि तुम्ही माझे म्हणणे ऐकून घेऊन कदाचित मला पटवून द्याल, अशी भीती होती, हे दुसरे.

आणखी एक गोष्ट याच जागी सांगितली पाहिजे. तुम्ही ख्रिस्ती, आणि तुमचे आजोबा कोणत्या वस्तीतून मिशनच्या आवारात गेले, ते गावाला माहीत होते. मी माझ्या पाण्याची तांब्याची लोटी घरून आणत असे. तुम्ही त्याविषयी कधी काही विचारले नाहीत. पण मला काही द्यावेसे वाटले की तुम्ही अख्खे फळ आणत असा: न कापलेला पेरू, न फोडलेले सीताफळ. अख्ख्या फळाला विटाळ नसतो, हा आमचा नियम तुम्ही माझ्यासाठी पाठ केला होता. ते फळ मी घेई, आणि आपण किती सुधारलेल्या आहोत असे मला वाटे. तुम्ही माझ्या शास्त्रात बसेल असेच देणे शोधत होता, हे मला कळायला तुम्हांला जावे लागले.

लढाईच्या दिवसांतले ते पौषातले सकाळचे ऊन. कागद मिळेनासा झाला होता, परीक्षासुद्धा पाट्यांवर घेत होतो. तपासणीस साहेब, ज्यांना गाव दिपोटी म्हणे, वर्दी न देता टांग्यातून उतरले. घंटा होऊन पंधरा-वीस मिनिटे झाली होती आणि निम्म्या मुली अजून तुमच्यापुढे ओळीत उभ्या होत्या. साहेब तुमच्याशी बोलले नाहीत. ओळीच्या कडेने ते थेट माझ्या खोलीत आले. भिंतीवरचे वेळापत्रक पाहिले, अक्षर कोणाचे विचारले. मी माझे म्हणून सांगितले. मग त्यांनी माझे आडनाव विचारले, आणि मग माहेर. माहेर सांगताच त्यांचा चेहरा सैल झाला. माझ्या वडिलांचे नाव त्यांच्या कानावर होते. मला बरे वाटले. किती वर्षांनी कोणी माझ्या वडिलांचे नाव घेतले होते.

“हे बाहेरचं रोज किती वेळ चालतं?”

“रोज अर्धा तास. मी मोठ्या बाईंना सांगून पाहिलं, पण...”

पहिले वाक्य खरे होते, आणि त्यांनी विचारले म्हणून मी ते सांगितले. दुसरे कोणी विचारले नव्हते. ते खरेही नव्हते. ते माझ्या तोंडून का गेले, याची चौकशी मी इतकी वर्षे करते आहे. एका मोठ्या माणसाला मी आपली वाटले होते, आणि त्या क्षणी मला तुमच्या बाजूची दिसायचे नव्हते, याहून निराळे उत्तर मला सापडलेले नाही. लाजऱ्या माणसाला लोक निरुपद्रवी समजतात. मीही स्वतःला तसेच समजत आले होते.

साहेबांनी शेरेबुकात लिहिले, की सहायक शिक्षिकेने वेळोवेळी सूचना देऊनही मुख्याध्यापिका हजेरीच्या नावाखाली शाळेचा वेळ गप्पांत दवडतात. ही पद्धत तत्काळ बंद व्हावी. सहायक शिक्षिकेचे काम नमुनेदार आहे. तुम्ही ते उभ्याने वाचलेत आणि खाली सही केलीत. टांगा गेल्यावर मी फळा पुसत राहिले. तुम्ही दारात आलात.

“तुम्ही सांगितलंत आणि मला ऐकू आलं नाही. चूक माझी.”

एवढे म्हणून तुम्ही आपल्या वर्गावर गेलात.

सगुणाबाई, हे तुम्ही काय म्हणालात? तो टोमणा होता का? तुम्ही आयुष्यात कोणाला टोमणा मारलेला मी पाहिला नाही. की माझा आवाज पोचत नाही हे तुम्हांला ठाऊकच होते, तेव्हा मी खरेच कधी पुटपुटले असेन असा तुम्ही विश्वास ठेवलात? की खोटे ओळखून, मला त्यातून मान वर करून बाहेर पडायला वाट ठेवलीत? मी वळून बोलले असते तर कळले असते. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आपापल्या वर्गाची हजेरी आपण पटावरून घेऊ लागलो. माझी पाच मिनिटांत होई, आणि उरलेल्या वेळात माझे अंकगणित खरोखरच पुढे गेले, हे लपवीत नाही. नाव पुकारले की मुलगी उठून ‘हजर बाई’ म्हणे आणि बसे. शेवंताही म्हणे.

माघ सरता सरता एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारी, बुधवारीही मी तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण केली. गुरुवारी तिची चुलत बहीण, तुमच्या बिगारीतली चिमुरडी, तुमच्याजवळ बोलली, आणि तुम्ही तिला तशीच माझ्या खोलीत घेऊन आलात.

“शेवंताक्काचं लगीन झालं. तिकडं जामखेडाच्या अंगाला दिली. आठ दीस घरात तेच चाललं हुतं.”

लग्नाआधीच्या त्या दिवसांच्या खुणा माझ्या हातच्या आहेत. हजर, हजर, हजर. त्यांतल्या एका दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. मी पाट्या तपासत होते. काय गं, म्हणून मी मान वर न करता विचारले. ती “काय न्हाई” म्हणाली. मग घरी जा, असे मी सांगितले, आणि ती गेली. तुम्ही असता तर तिला आपली करपलेली भाकरी सांगितली असती आणि ती बोलली असती. तुम्ही तर होताच, शेजारच्याच खोलीत. तिच्या आणि तुमच्या मध्ये माझे ते वाक्य उभे होते.

तुम्ही त्या दुपारी उन्हातून वस्तीवर जाऊन आलात. जे होऊन गेले त्यात करण्यासारखे काही उरले नव्हते. मला तुम्ही शब्दाने बोलला नाहीत, आणि शनिवार आला. मला वाटले, या शनिवारी तरी तुम्ही काही सांगणार नाही. पण तुम्ही आलात. “शेवंताची जागा तुम्ही कोणाला दिली नाहीत, ते चांगलं केलंत,” असे म्हणालात. बाई, ती जागा मी राखली नव्हती. मुलीच तिथे बसत नव्हत्या; माझ्या ध्यानातही आले नव्हते. तरी मी मान हलवली आणि तेही कौतुक घेतले.

पुढच्या वर्षी तुमची बदली नगरच्या बाजूला झाली आणि त्या शेऱ्याच्या बळावर मी मोठी बाई झाले. तुमचे कार्ड दर दिवाळीला येई. त्यात शेवटी एक ओळ ठरलेली असे: ‘मुली काय म्हणतात?’ मी उत्तरात कळवी की निकाल उत्तम लागला, तपासणी समाधानकारक झाली, नवी खोली मंजूर होण्याची आशा आहे. मुली काय म्हणतात, हे मला सांगता आले नाही, कारण मला ते माहीत नव्हते.

आणि नगरचे शिक्षक-संमेलन. चारशे माणसांपुढे मला नमुना पाठ द्यायला सांगितले होते आणि मी तो दिला. संपल्यावर तुम्ही गर्दीतून वाट काढत आलात, किती वाळल्या होतात. मी ठरवूनच आले होते. म्हटले, बाई, त्या शेरेबुकाविषयी मला तुमच्याशी... तुम्ही माझा हात धरलात आणि मला पुढे बोलू दिले नाहीत. “सगळ्यांत मागं बसून ऐकला मी पाठ,” तुम्ही म्हणालात. “शब्द न् शब्द पोचला.” तेवढ्यात कोणी तुम्हांला हाक मारली.

त्याबद्दल मला तुमचा राग येतो, हे आज लिहून ठेवते. तुम्ही मला बोलू द्यायला हवे होते. क्षमा करणाऱ्याने निदान अपराध कानांनी ऐकून तरी घ्यावा. तुम्ही मला आवाज दिलात, आणि जे एक वाक्य त्या आवाजात तुम्हांला सांगायचे होते तेवढे मात्र ऐकले नाहीत. पण हा रागही फार टिकत नाही. त्या क्षणी मी तुमचा हात सोडवून घेऊन बोलू शकले असते. तुम्ही थांबवलेत याचे मला आतून बरेच वाटले होते.

शोकसभेत मला सर्वांत आधी बोलायला उभे केले. काय बोलावे सुचेना, तेव्हा मी म्हणाले, की सगुणाबाई कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि अत्यंत वक्तशीर होत्या. वक्तशीर! माझ्याच तोंडून हा शब्द निघाला. सभेत गंगू होती, आता दोन लेकरांची आई. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने मान खाली घातली.

ते शेरेबुक आज माझ्याच कपाटात आहे. परवा ते पान उघडले. तुमची सही तशीच स्वच्छ आहे. मला वाटले, खाली दोन ओळी लिहाव्यात. पण शेरेबुकात लिहिण्याचा अधिकार तपासणाऱ्यांना असतो, आम्हांला केवळ सहीपुरता. म्हणून ती दुरुस्ती येथे करते. मी सगुणाबाईंना हजेरीविषयी कधीही, कोणतीही सूचना दिली नव्हती. तपासणीस साहेबांपुढे मी खोटे बोलले. ज्याला त्या पानाची नक्कल करावयाची असेल त्याने हेही सोबत जोडावे.

आणि आज सोमवार होता. घंटा झाल्यावर मी पट मिटून उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. मुली गोंधळल्या, मग आपोआप ओळ झाली. ओळीतल्या पहिल्या मुलीला मी विचारले, आज काय आणलंस गं? तिने घाबरून दप्तर उघडले आणि पाटी दाखवली. दुसरी म्हणाली, हजर बाई. तिसरीही हजर बाई. मी प्रश्न बदलून पाहिला, हसून पाहिले, माझीही एक फजिती सांगितली. ती सांगताना माझा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला. शेवटची मुलगी आत जाईपर्यंत मला ‘हजर’खेरीज एक शब्द मिळाला नाही. उद्या पुन्हा उभी राहणार आहे. चार महिने लागतील, की अधिक, हे सांगायला तुम्ही नाही.

वाचकहो, तुमच्यातले बहुतेक शिकवणारेच आहात. तुमच्या पटावर अशी कोण आहे, जिच्या तोंडून तुम्ही ‘हजर’पलीकडे आजवर काहीच ऐकलेले नाही?